क्षपण विभवावरून मुक्त ऊर्जा कशी काढायची: रेडॉक्स अभिक्रियांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

सूत्र एका ओळीचं आहे: डेल्टा जी° = − एन × एफ × ई°. यात डेल्टा जी° म्हणजे मुक्त ऊर्जेतला (जास्तीत जास्त कामाला येऊ शकणाऱ्या ऊर्जेतला) बदल, एन म्हणजे इलेक्ट्रॉनांची संख्या, एफ म्हणजे फॅरडे स्थिरांक, ई° म्हणजे विभव, आणि ° ही खूण प्रमाण स्थितीची. बारावीच्या विद्युतरसायनात ते पहिल्यांदा भेटतं, बीएस्सीला पुन्हा येतं आणि बायोकेमिस्ट्री घेतलीत तर श्वसनसाखळी शिकताना तिसऱ्यांदा समोर उभं राहतं. पाठ सगळ्यांना असतं. तरी वह्या तपासायला घेतल्या की उत्तरं चुकलेली दिसतात, आणि ती नेहमी त्याच चार-पाच ठिकाणी चुकतात: चिन्ह, इलेक्ट्रॉनांची संख्या, एकक, आणि विभवांची नको तिथे केलेली बेरीज.

दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकून अकरावीला अचानक इंग्रजी पुस्तक हातात पडलेली मुलं डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. या मुलांना गणित जमत नाही, असं मुळीच नाही. आपण नेमकं काय मोजतोय हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं, म्हणून अडतं. ते सांगायचा हा प्रयत्न.

बसण्याआधी काय जवळ ठेवाल

- प्रमाण क्षपण विभवांचा एक तक्ता, २५ अंश सेल्सिअसचा. एकच. एका गणितात दोन पुस्तकांचे आकडे घेऊ नका.
- फॅरडे स्थिरांक: ९६,४८५ कूलोंब प्रति मोल इलेक्ट्रॉन. परीक्षेत बहुधा ९६,५०० चालतो. प्रश्नात जो दिला असेल तो घ्या.
- लॉग असलेला कॅल्क्युलेटर. परीक्षेत मिळत नसेल तर लॉग टेबल.
- निर्मितीच्या प्रमाण मुक्त ऊर्जेचा तक्ता. हा गणित सोडवायला लागत नाही, उत्तर तपासायला लागतो.

या लेखात वापरलेले आकडे इथेच देऊन ठेवतो. सगळे क्षपणाचे (म्हणजे इलेक्ट्रॉन घेण्याचे), सगळे व्होल्टमध्ये. यात क्युप्रस आणि क्युप्रिक म्हणजे तांब्याचे +१ आणि +२ प्रभाराचे आयन, फेरस आणि फेरिक म्हणजे लोहाचे +२ आणि +३ प्रभाराचे:

झिंक आयन ते झिंक: −०.७६
फेरस ते लोह: −०.४४
हायड्रोजन आयन ते हायड्रोजन वायू: ०.००
क्युप्रिक ते क्युप्रस: +०.१६
क्युप्रिक ते कॉपर: +०.३४
क्युप्रस ते कॉपर: +०.५२
फेरिक ते फेरस: +०.७७
सिल्व्हर आयन ते सिल्व्हर: +०.८०
ऑक्सिजन ते पाणी (आम्लात): +१.२३
डायक्रोमेट ते क्रोमिक आयन (आम्लात): +१.३३
परमँगनेट ते मँगनस आयन (आम्लात): +१.५१

तुमच्या पुस्तकात क्युप्रिक-क्युप्रससाठी ०.१५ दिसेल, डायक्रोमेटसाठी १.३६ही दिसेल. घाबरू नका, तक्त्यातक्त्यांत इतका फरक असतो. एकच तक्ता धरायला सांगतो ते याचसाठी.

१. आधी तक्त्याची ओळख करून घ्या

तक्ता उघडल्यावर पहिली नजर झिंकवर टाका. तिथे −०.७६ असेल तर तक्ता क्षपण विभवांचा आहे, पुढे जा. +०.७६ असेल तर तो ऑक्सिडीकरण (म्हणजे इलेक्ट्रॉन देण्याच्या) विभवांचा आहे आणि त्यातलं प्रत्येक चिन्ह उलटं घ्यावं लागेल. जुन्या अमेरिकन पुस्तकांत ऑक्सिडीकरण विभव देण्याची पद्धत होती. १९५३ मध्ये स्टॉकहोमला आंतरराष्ट्रीय रसायन संघटनेने क्षपणाचीच बाजू मुक्रर केली, पण कॉलेजच्या ग्रंथालयांत जुन्या आवृत्त्या अजून कपाटात आहेत आणि त्यांच्या झेरॉक्सही फिरतात. पाच सेकंदांची ही तपासणी पुढचा अर्धा तास वाचवते.

दुसरी तपासणी हायड्रोजनची. त्याच्यापुढे ०.०० हवं. −०.४१ किंवा −०.४२ दिसलं तर तो तक्ता पीएच ७ चा, म्हणजे जीवरसायनाचा आहे. त्याबद्दल पायरी ७ मध्ये.

२. दोन्ही अर्ध-अभिक्रिया क्षपण म्हणून लिहा, मग एकदाच वजाबाकी करा

डॅनियल घट घेऊ. झिंकची पट्टी झिंक सल्फेटात, तांब्याची पट्टी मोरचुदाच्या निळ्या द्रावणात, मध्ये क्षारसेतू (दोन्ही द्रावणांना जोडणारी, क्षाराचं द्रावण भरलेली नळी).

कॉपर आयन + २ इलेक्ट्रॉन → कॉपर, +०.३४
झिंक आयन + २ इलेक्ट्रॉन → झिंक, −०.७६

दोन्ही क्षपणाच्याच दिशेने लिहिल्या आहेत. आता या अभिक्रियेत क्षपण कुणाचं होतंय ते बघा: कॉपर आयनाचं. तो कॅथोड. झिंकचं ऑक्सिडीकरण होतंय, तो ॲनोड. मग:

ई° = कॅथोडचं क्षपण विभव − ॲनोडचं क्षपण विभव
= ०.३४ − (−०.७६) = १.१० व्होल्ट

इथली नेहमीची चूक दुहेरी असते. मुलं आधी झिंकची अभिक्रिया उलटवून चिन्ह बदलतात, +०.७६ करतात, आणि मग सूत्रात वजाबाकी आहे म्हणून पुन्हा वजा करतात. उत्तर येतं −०.४२. दोन पद्धती आहेत: चिन्ह उलटवून बेरीज, नाहीतर चिन्ह तसंच ठेवून वजाबाकी. एक निवडा आणि वर्षभर तीच वापरा. मी वजाबाकीची सुचवतो, कारण तिच्यात तक्त्याच्या आकड्याला हात लावावा लागत नाही.

कॅथोड-ॲनोड हे धन-ऋण टोकांवरून ओळखायला जाऊ नका. विद्युतघटात ॲनोड ऋण टोकाला असतो, विद्युत-अपघटनात तोच धन टोकाला. न बदलणारी खूण एकच: ॲनोडवर ऑक्सिडीकरण, कॅथोडवर क्षपण.

आणखी एक. प्रश्नात अभिक्रिया लिहून दिली असेल तर ती जशी दिली आहे तशीच घ्या. ‘उत्तर उणं येतंय म्हणजे मी उलटं केलं असणार’ असं म्हणून बाजू बदलू नका. तांबं आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्यात हायड्रोजन सुटण्याची अभिक्रिया दिली असेल, तर ई° = ०.०० − ०.३४ = −०.३४ व्होल्ट आणि डेल्टा जी° = +६५.६ किलोज्यूल हेच बरोबर उत्तर आहे. तांबं त्या आम्लातून हायड्रोजन सोडत नाही, हे प्रयोगशाळेत आपण पाहतोच.

३. एन: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

एन म्हणजे संतुलित समीकरणात एका बाजूने दिले गेलेले आणि दुसऱ्या बाजूने घेतले गेलेले इलेक्ट्रॉन, जे बेरजेत कटून जातात. दोन्ही बाजूंच्या इलेक्ट्रॉनांची बेरीज म्हणजे एन नव्हे. अंतिम समीकरणात एन दिसत नाही, म्हणून तर तो चुकतो. अर्ध-अभिक्रिया कागदावर लिहिल्याशिवाय तो काढू नका.

बारावीच्या प्रात्यक्षिकातलं मोहर सॉल्टचं (फेरस असलेल्या एका क्षाराचं) अनुमापन आठवा. ब्युरेटमध्ये जांभळं परमँगनेट, खाली फ्लास्कमध्ये आम्ल घातलेलं फेरसचं फिकट द्रावण. थेंब पडतो, रंग क्षणात नाहीसा होतो, पुन्हा थेंब, पुन्हा नाहीसा; आणि मग एका थेंबाला फिकट गुलाबी छटा टिकून राहते. फ्लास्कमध्ये तेव्हा हे चाललेलं असतं:

परमँगनेट + ८ हायड्रोजन आयन + ५ इलेक्ट्रॉन → मँगनस आयन + ४ पाणी, +१.५१
फेरिक + १ इलेक्ट्रॉन → फेरस, +०.७७

परमँगनेटला पाच इलेक्ट्रॉन हवेत, एक फेरस एकच देतो. म्हणून दुसरी अर्ध-अभिक्रिया ५ ने गुणायची. एन = ५. सहा नाही आणि दहाही नाही.

आता कळीचा मुद्दा. अभिक्रिया ५ ने गुणली, पण ०.७७ ला ५ ने गुणायचं नाही. बाजारात कांद्याचा किलोचा भाव असतो. तुम्ही एक किलो घेतलात की पाच, भाव तोच राहतो, बदलतं ते बिल. विभव हा एका इलेक्ट्रॉनामागचा भाव आहे. मुक्त ऊर्जा हे बिल आहे. एन म्हणजे किती किलो घेतले ते. म्हणून:

ई° = १.५१ − ०.७७ = ०.७४ व्होल्ट
डेल्टा जी° = −५ × ९६,४८५ × ०.७४ = −३,५६,९९५ ज्यूल, म्हणजे सुमारे −३५७ किलोज्यूल

हा आकडा एक मोल परमँगनेट आणि पाच मोल फेरस यांच्या समीकरणाचा आहे. कुणी तेच समीकरण एक मोल फेरससाठी लिहिलं तर एन = १ होईल आणि उत्तर −७१.४ किलोज्यूल. दोन्ही बरोबर. ई° मात्र दोन्हीकडे ०.७४च. म्हणूनच डेल्टा जी° च्या उत्तराशेजारी समीकरण लिहिलेलं असलंच पाहिजे. त्याशिवाय तो आकडा अर्धवट आहे.

डायक्रोमेटमध्ये आणखी एक खोच आहे. क्रोमियमची ऑक्सिडीकरण स्थिती +६ वरून +३ वर येते, म्हणून मुलं एन = ३ लिहितात. पण डायक्रोमेटमध्ये क्रोमियमचे अणू दोन असतात. एन = ६.

४. गुणाकार करा, आणि एकक त्याच ओळीत लिहा

व्होल्ट गुणिले कूलोंब म्हणजे ज्यूल. डॅनियल घटासाठी:

डेल्टा जी° = −२ × ९६,४८५ × १.१० = −२,१२,२६७ ज्यूल = −२१२.३ किलोज्यूल

दर वेळी हजाराने भागायचा कंटाळा असेल तर ९६.४८५ हा आकडा लक्षात ठेवा: एक इलेक्ट्रॉन, एक व्होल्ट, ९६.४८५ किलोज्यूल प्रति मोल. जुन्या जीवरसायनाच्या पुस्तकांत किलोकॅलरी असतात. तिथे हाच आकडा २३.०६ होतो.

उत्तर किती अंकांपर्यंत लिहायचं? विभव दोन दशांश स्थळांपर्यंतच माहीत आहे. ०.०१ व्होल्टचा फरक एन = २ असताना जवळपास २ किलोज्यूलचा फरक करतो. त्यामुळे −२१२.२६७ किलोज्यूल लिहून अचूकता वाढत नाही. −२१२ पुरे.

उणे चिन्ह हे सूत्राचा भाग आहे, ते विसरू नका. ई° धन असेल तर डेल्टा जी° ऋण आणि उलट. दोघांचं चिन्ह एकच आलं तर तिथेच थांबा, काहीतरी सुटलंय.

५. उत्तर दुसऱ्या वाटेने तपासा

ही पायरी कुणी करत नाही, आणि मला या सगळ्यात तीच सगळ्यात आवडते. विभव आणि निर्मितीची मुक्त ऊर्जा हे दोन तक्ते वेगवेगळ्या पानांवर असतात, पण एकच गोष्ट सांगतात.

डॅनियल घट: कॉपर आयनाची निर्मितीची मुक्त ऊर्जा +६५.५, झिंक आयनाची −१४७.१ किलोज्यूल प्रति मोल, दोन्ही धातूंची शून्य. उत्पादितं वजा अभिकारकं: −१४७.१ − ६५.५ = −२१२.६. आपलं उत्तर −२१२.३ होतं. जुळलं.

हायड्रोजन-ऑक्सिजन इंधन घट: दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन मिळून दोन पाणी. ऑक्सिजनला चार इलेक्ट्रॉन लागतात, एन = ४.

डेल्टा जी° = −४ × ९६.४८५ × १.२३ = −४७४.७ किलोज्यूल

एका मोल पाण्यामागे −२३७.४. आणि द्रव पाण्याची निर्मितीची मुक्त ऊर्जा तक्त्यात काढून बघा: −२३७.१. विभवाला तीन दशांश स्थळं घेतलीत, १.२२९, तर उरलेला फरकही जवळजवळ जातो. इथे एन = ४ घेऊन उत्तर ‘एका मोल पाण्याचं’ म्हणून लिहिणारे खूप असतात. या तपासणीत ती चूक लगेच उघडी पडते, कारण आकडा दुप्पट दिसतो.

झिंकची पट्टी सरळ मोरचुदाच्या द्रावणात बुडवली तरी अभिक्रिया तीच होते. पट्टीवर काळपट-तांबूस थर चढतो, निळा रंग विरतो आणि चंचुपात्र हाताला कोमट लागतं. डेल्टा जी° तेवढीच आहे, पण तिच्यातून काम काही मिळालं नाही, सगळं उष्णतेत गेलं. घट करून इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून फिरवले, तर जास्तीत जास्त २१२ किलोज्यूलपर्यंत विद्युत कार्य मिळू शकतं. सूत्रातला ‘एन × एफ × ई°’ हा गुणाकार म्हणजे प्रभार गुणिले व्होल्टेज, म्हणजेच ते विद्युत कार्य.

६. दोन अर्ध-अभिक्रिया जोडून तिसरी काढायची असेल तर विभवं मिळवू नका

इथपर्यंत सगळं नीट जमलेले विद्यार्थीही या पायरीवर घसरतात, म्हणून इथे थोडं थांबू.

प्रश्न: फेरिक ते फेरस +०.७७, फेरस ते लोह −०.४४. तर फेरिक ते लोह किती?

हात आपोआप ०.७७ − ०.४४ = ०.३३ लिहायला जातो. हे चूक आहे. ०.३३ खरं असतं तर फेरिकपासून थेट धातूरूप लोह मिळवणं जवळपास क्युप्रिकपासून तांबं मिळवण्याइतकं सोपं झालं असतं.

भाव आणि बिल पुन्हा आठवा. पहिल्या टप्प्यात एक इलेक्ट्रॉन एका भावाने, दुसऱ्या टप्प्यात दोन इलेक्ट्रॉन दुसऱ्या भावाने. भावांची बेरीज करून काही अर्थ निघत नाही. बिलं मिळवायची आणि एकूण इलेक्ट्रॉनांनी भागायचं. एफ ठेवूनच लिहू, गुणाकार करायची गरज नाही:

पहिला टप्पा: −१ × एफ × ०.७७ = −०.७७ एफ
दुसरा टप्पा: −२ × एफ × (−०.४४) = +०.८८ एफ
एकूण: +०.११ एफ

तिसऱ्या अर्ध-अभिक्रियेत इलेक्ट्रॉन तीन. म्हणून −३ × एफ × ई° = +०.११ एफ, आणि ई° = −०.०४ व्होल्ट (नेमकं −०.०३७). तक्त्यात बघा, हेच सापडेल.

तांब्याचंही तसंच. क्युप्रिक ते क्युप्रस ०.१६, क्युप्रस ते कॉपर ०.५२. दोन्ही टप्पे एकेक इलेक्ट्रॉनाचे, म्हणून (०.१६ + ०.५२) ÷ २ = ०.३४. तक्त्यातला क्युप्रिक ते कॉपरचा आकडा नेमका मिळाला.

मग मनात प्रश्न येतो, आणि तो यायलाच हवा: पायरी २ मध्ये आपण विभवांची सरळ वजाबाकी केली, ती कशी चालली? ती चालली, कारण पूर्ण अभिक्रियेत दोन्ही बाजूंचे इलेक्ट्रॉन सारखे केलेले असतात. कॅथोडचं बिल −एन एफ ई°, ॲनोडचंही तोच एन घेऊन. वजा केल्यावर एन एफ बाहेर निघतो आणि आत नुसत्या विभवांची वजाबाकी उरते. तिसरी अर्ध-अभिक्रिया काढताना टप्प्याटप्प्याला एन वेगळा असतो, तो बाहेर निघत नाही. नियम एकच आहे: मुक्त ऊर्जा मिळवता येते, नेहमी. विभव मिळवता येतं ते एन सारखा असेल तेव्हाच.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत सहा घटांचे व्होल्ट मिळवतो ते याच कारणाने चालतं. शिशाच्या एका घटाचं प्रमाण विभव सुमारे २.०५ व्होल्ट (लेड डायऑक्साइडचं +१.६९ वजा लेड सल्फेटचं −०.३६). सहा घट एकामागे एक जोडले की तोच इलेक्ट्रॉन-प्रवाह प्रत्येक घटातून जातो, एन सगळीकडे सारखा, म्हणून विभवांची बेरीज. मिळाले सुमारे १२ व्होल्ट.

या पायरीतूनच एखादा आयन पाण्यात टिकेल का, हे कळतं. क्युप्रस घ्या: दोन क्युप्रसमधला एक इलेक्ट्रॉन देऊन क्युप्रिक होतो, दुसरा घेऊन तांबं. ई° = ०.५२ − ०.१६ = ०.३६, एन = १, डेल्टा जी° = −३४.७ किलोज्यूल. म्हणून साधा क्युप्रस आयन पाण्यात टिकत नाही. एन इथे १ आहे, २ नाही; क्युप्रस दोन असले तरी हात बदलणारा इलेक्ट्रॉन एकच.

फेरसचं उलट आहे. तीन फेरसचे दोन फेरिक आणि एक लोह व्हायचं तर ई° = −०.४४ − ०.७७ = −१.२१, एन = २, डेल्टा जी° = +२३३.५ किलोज्यूल. होणार नाही. पण हीच अभिक्रिया उलटी केली की −२३३.५ मिळतात: फेरिक आणि लोह मिळून फेरस. फेरस सल्फेटच्या द्रावणात लोखंडाचा खिळा टाकून ठेवण्याची पद्धत यातूनच आली. हवेने फेरसचं फेरिक झालं की खिळा त्याला परत फेरस करतो.

७. जीवरसायनाचा तक्ता वेगळा असतो

पेशीत एक मोलर आम्ल नसतं. म्हणून जीवरसायनात पीएच ७ धरून वेगळं विभव वापरतात. ई° च्या डोक्यावर एक छोटी तिरकी खूण असते, तिला ‘प्राइम’ म्हणतात. ज्या अर्ध-अभिक्रियेत जितके इलेक्ट्रॉन तितकेच हायड्रोजन आयन लागतात, तिचं विभव पीएचच्या दर एककाला ०.०५९२ व्होल्टने खाली येतं. सात एककांनी ०.४१ व्होल्ट. त्यामुळे हायड्रोजन ०.०० वरून −०.४१ वर येतो आणि ऑक्सिजन १.२३ वरून ०.८२ वर.

सापळा सरळ आहे: एक आकडा या तक्त्यातला आणि एक त्या तक्त्यातला. एनएडीएचचं (पेशीत इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या रेणूचं) −०.३२ घेऊन ऑक्सिजनचं १.२३ लावलं तर १.५५ येतं, आणि मुक्त ऊर्जा सुमारे ८० किलोज्यूलने फुगते. बरोबर गणित असं:

ई° (पीएच ७) = ०.८२ − (−०.३२) = १.१४ व्होल्ट, एन = २
डेल्टा जी° = −२ × ९६.४८५ × १.१४ = −२२० किलोज्यूल प्रति मोल एनएडीएच

एटीपीच्या (पेशी ऊर्जेसाठी वापरते त्या रेणूच्या) जलापघटनाचे प्रमाण स्थितीतले ३०.५ किलोज्यूल याच्या शेजारी ठेवा, म्हणजे श्वसनसाखळीत इलेक्ट्रॉन एकदम न सोडता टप्प्याटप्प्याने का खाली आणतात ते कळतं. जोरात धावताना स्नायूत पायरुव्हेटचं लॅक्टेट होतं, तेही काढता येईल: −०.१९ − (−०.३२) = ०.१३ व्होल्ट, एन = २, डेल्टा जी° = −२५.१ किलोज्यूल.

इथे एनची काळजी घ्या. एनएडीएच दोन इलेक्ट्रॉन देतो, सायटोक्रोम सी हे श्वसनसाखळीतलं प्रथिन एकच घेतं. समीकरणात सायटोक्रोम दोन लागतील, एन मात्र २च, आणि विभवाला दोनने गुणायचं नाही. पायरी ३ चाच नियम.

८. उत्तर हाती आल्यावर त्याचा अर्थ

समतोल स्थिरांक हवा असेल तर २५ अंशांना लॉग के = एन × ई° ÷ ०.०५९२. डॅनियल घटासाठी २ × १.१० ÷ ०.०५९२ = ३७.२, म्हणजे के सुमारे १० चा ३७ वा घात. डेल्टा जी° वरून के काढत असाल तर लक्षात ठेवा की आर, म्हणजे वायू स्थिरांक ८.३१४, हा ज्यूलमध्ये आहे. डेल्टा जी° किलोज्यूलमध्ये ठेवून भागलंत तर के जवळपास १ येईल आणि डॅनियल घट चालतच नाही असं वाटेल.

डेल्टा जी° ही प्रमाण स्थितीची गोष्ट आहे: द्रावणं एक मोलर, वायू एक बार. सांद्रता वेगळी असेल तर नेर्न्स्टचं समीकरण (सांद्रतेनुसार विभव किती बदलतं ते सांगणारं) लावून आधी ई काढा, मग तोच गुणाकार. कॉलेजात ०.१ मोलरची दोन्ही द्रावणं घेऊनही व्होल्टमीटर १.१ च्या आसपासच दाखवतो, कारण समीकरणात दोन्ही सांद्रतांचं गुणोत्तर येतं आणि ते १ आहे.

आणि वेग. डेल्टा जी° वेगाबद्दल एक अक्षरही सांगत नाही. आम्लातलं परमँगनेट कागदावर पाण्याचंच ऑक्सिडीकरण करू शकतं: १.५१ − १.२३ = ०.२८ व्होल्ट. परमँगनेटचे पाच आणि ऑक्सिजनचे चार इलेक्ट्रॉन, लसावि २०, म्हणून एन = २०. डेल्टा जी° = −५४० किलोज्यूल, चार मोल परमँगनेटच्या समीकरणासाठी. एवढा मोठा ऋण आकडा असूनही बाटलीतलं द्रावण तसंच जांभळं राहतं, कारण अभिक्रिया फार हळू होते. पण होते. म्हणून परमँगनेट तपकिरी बाटलीत ठेवतात आणि अनुमापनाआधी त्याची सांद्रता नव्याने ठरवून घेतात.

सरावासाठी

आधी स्वतः करा, मग खाली बघा.

अ) तांबं + २ सिल्व्हर आयन → क्युप्रिक + २ सिल्व्हर
आ) डायक्रोमेटने आम्लात सहा फेरसचं ऑक्सिडीकरण
इ) परमँगनेट ते मँगनीज डायऑक्साइड +१.७० (तीन इलेक्ट्रॉन), परमँगनेट ते मँगनस +१.५१ (पाच इलेक्ट्रॉन). मँगनीज डायऑक्साइड ते मँगनस किती?

उत्तरं:

अ) ई° = ०.८० − ०.३४ = ०.४६, एन = २, −८८.८ किलोज्यूल. ई° १.२६ आलं असेल तर तुम्ही ०.८० दुप्पट केलंत.
आ) ई° = १.३३ − ०.७७ = ०.५६, एन = ६, −३२४ किलोज्यूल.
इ) पाच इलेक्ट्रॉनांच्या बिलातून तीनांचं वजा करा: ५ × १.५१ − ३ × १.७० = ७.५५ − ५.१० = २.४५. उरलेले इलेक्ट्रॉन दोन, म्हणून ई° = १.२३ व्होल्ट. डेल्टा जी° = −२.४५ × ९६.४८५ = −२३६ किलोज्यूल.